गावभागातून विश्रामबागेकडे गेलेल्यांचा अभ्यास : पद्धत कुठून शिकावी?

प्रश्न – कृष्णाकाठची

नमस्कार. मी सांगलीतील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते आणि नोकरी सांभाळून बहिःस्थ पद्धतीने समाजशास्त्रात एम. ए. करते आहे. शेवटच्या सत्रात लघुप्रबंध सादर करावयाचा आहे आणि त्याचा विषय मी हट्टाने निवडला आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या महापुरांनंतर नदीकाठच्या जुन्या सांगलीतून कोणती कुटुंबे नदीपासून दूरच्या विश्रामबाग उपनगराकडे राहायला गेली, कोणती गेली नाहीत आणि यामागे पुराखेरीज आणखी काय होते, हे मला शोधायचे आहे. माझे माहेर गावभागातले, म्हणजे त्याच जुन्या वस्तीतले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांच्या घरात गेली तेव्हा आमचा तळमजला पाण्याखाली होता. इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट, हे आमच्याकडच्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्यामुळे विषय आपल्याला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

अडचण आली ती पद्धतीची. मी ६४ प्रश्नांची प्रश्नावली गूगल फॉर्मवर तयार केली आणि पालकांच्या, नातेवाइकांच्या व दोन-तीन सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकली. पंधरा दिवसांत २१२ उत्तरे आली. त्यांचे रंगीत आलेख काढून मोठ्या उत्साहाने मार्गदर्शकांपुढे ठेवले. त्यांनी आलेख बाजूला सारले आणि "ही २१२ माणसे कोणाच्या वतीने बोलत आहेत?" एवढेच विचारले. घरी येऊन तपासले तेव्हा दिसले की त्यांत भाडेकरू केवळ नऊ आहेत, साठीच्या पुढचे अकरा आहेत आणि नदीकाठी अजून राहणारे चाळीससुद्धा नाहीत. म्हणजे मी बहुतेक माझ्यासारख्यांनाच विचारून आले होते.

संशोधन पद्धतीची जी पुस्तके मला मिळाली ती व्याख्यांपासून सुरू होतात आणि शिकागो शहरावरच्या गाजलेल्या अभ्यासांपाशी पोहोचतात. मधे कुठेतरी सांगलीएवढ्या शहरासाठी काय करायचे हे सुटून जाते. म्हणून येथील जाणकारांना विचारते. गेलेल्या लोकांची यादी कुठेच नसताना नमुना, म्हणजे कोणाकोणाला विचारायचे ते, कसा निवडावा? वीस-पंचवीस मुलाखतींवर उभा केलेला अभ्यास संशोधन म्हणून मान्य होतो का, की आकडे हवेतच? आणि यातले काय आधी शिकावे? माझ्या हातात पाच महिने आणि बहुतेक रविवार आहेत.


उत्तर – निवृत्त प्रगणक

ताई, तुमच्या मार्गदर्शकांनी विचारलेला प्रश्न लाखमोलाचा आहे. त्यांच्यावर रागावू नका. मी नमुना पाहणीच्या कामात तीस वर्षे काढली, त्यातली निम्मी दारोदार फिरण्यात. नवीन मुले रुजू झाली की त्यांचा पहिला प्रश्न असे, "किती घरे घ्यायची?" खरे तर विचारायला हवे ते हे की कोणत्या यादीतून घ्यायची. पुस्तकांत नमुन्यात किती माणसे हवीत यासाठी ३८४ हा आकडा तुम्ही पाहिला असेल. पंच्याण्णव टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्क्यांची चूक धरली की मोठ्या लोकसंख्येसाठी तो निघतो. परंतु यादीतला प्रत्येक जण निवडला जाण्याची शक्यता किती हे आपल्याला ठाऊक असेल, तरच त्या आकड्याला अर्थ आहे. व्हॉट्सॲपवरून २१२ च्या जागी २१०० उत्तरे आली असती, तरी भाडेकरूंचे प्रमाण चुकलेलेच राहिले असते. चूक फक्त अधिक ठाम दिसली असती.

आता यादी म्हटली की लोक घरपट्टीचे रजिस्टर किंवा मतदार यादी सुचवतात. दोन्ही उपयोगी आहेत, पण दोन्ही कोणाला ना कोणाला वगळतात. गावभागातल्याच एका वाड्याचे सांगतो. दर्शनी दरवाजावर मिळकत क्रमांक एकच होता. आत गेलो तर विजेचे चार मीटर दिसले. चौकात बसून विचारपूस केली तेव्हा चुली सहा निघाल्या, कारण मालकाच्या दोन भावांचे मीटर एक पण स्वयंपाक वेगळा होता आणि मागच्या पडवीत एक विधवा बाई आपल्या मुलासह मालकाच्याच मीटरवर राहत होत्या. घरपट्टीच्या यादीवरून काम केले असते तर एक कुटुंब धरले गेले असते आणि मीटरवरून चार. प्रत्यक्षात एका स्वयंपाकघरातून जेवणारी कुटुंबे सहा होती. जनगणनेतही माणसे मोजण्याआधी घरयादीचे काम वेगळे होते ते याचसाठी. तुम्ही पद्धतीतली पहिली गोष्ट शिका ती घरयादी करण्याची. त्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. कागद, पेन्सिल आणि गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही दार न गाळता चालण्याची चिकाटी एवढे पुरते. गल्लीत शिरताना उजवा हात धरला तर शेवटपर्यंत उजवाच धरायचा, बोळ आला की आत जाऊन परत बाहेर यायचे आणि मगच पुढचे दार.

"गेलेल्या लोकांची यादी कुठेच नाही" असे तुम्ही म्हणता. ती विश्रामबागेत शोधू नका, तिथे नाहीच मिळणार. विश्रामबागेत तुम्हाला जाऊ शकलेले लोक भेटतील. जाण्याची इच्छा असून न जमलेले भेटणार नाहीत आणि दुसरीकडेच गेलेलेही भेटणार नाहीत. शेवट ठरलेल्या माणसांना सुरुवात विचारली की उत्तर एकाच दिशेला झुकते. त्याऐवजी जुन्या वस्तीतल्या तीन गल्ल्या घ्या आणि "१ ऑगस्ट २०१९ रोजी या गल्लीत कोण कोण राहत होते" अशी यादी शेजाऱ्यांच्या आठवणीवरून तयार करा. किराणा दुकानदार, दूधवाले, गल्लीतल्या गणेश मंडळाच्या वर्गणीच्या वह्या, सगळे कामाला येते. मग त्या यादीतल्या प्रत्येक कुटुंबापुढे आज ते कुठे आहे ते लिहा. आहे तिथेच, वरच्या मजल्यावर, विश्रामबाग, कुपवाड, पुणे, मृत्यूमुळे घर बंद, काय असेल ते. म्हणजे गेलेले आणि न गेलेले एकाच यादीत आले आणि टक्केवारी काढायला खाली छेद मिळाला.

आणखी एक. तुमच्या शीर्षकातच तुम्ही "विश्रामबागेकडे" असे लिहून ठेवले आहे. मला शंका आहे की बरीच कुटुंबे विश्रामबागेकडे न जाता शामरावनगरसारख्या गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकून वसलेल्या, भागात गेली असतील, जिथे जमीन सखल आणि काळी असल्याने पावसाचे पाणी साचून राहते. नदीच्या पाण्यातून निघून तुंबलेल्या पाण्यात गेलेल्या माणसाची गोष्ट तुमच्या शीर्षकात बसत नाही. यादी आधी होऊ द्या, शीर्षक नंतर ठरवता येईल.


उत्तर – नकाशेवाला

वरील उत्तराशी सहमत. माझी भर छोटी आहे. घरयादी करतानाच प्रत्येक घराची जागा मोबाईलवरून टिपून घ्या आणि क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मोफत सॉफ्टवेअर दोन रविवारांत शिकून घ्या. भूगोलाच्या शिक्षिकेला ते जड जाणार नाही. नकाशावर घरे आली की त्यांवर निळी आणि लाल पूररेषा ठेवता येते. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे तुम्हाला माहीत असेलच. लोकांना मात्र बहुधा वाटते की शंभर वर्षांची रेषा म्हणजे आता पुढची शंभर वर्षे निश्चिंती. अर्थ असा आहे की दरवर्षी त्या पातळीची शक्यता शंभरात एक आहे. ही गैरसमजूत कोणाकडे किती आहे हा स्वतंत्र प्रश्न तुमच्या मुलाखतीत नक्की घाला, कारण घर सोडण्या न सोडण्याचा निर्णय त्या समजुतीवर होतो, अभियंत्याच्या व्याख्येवर होत नाही.

रेषेपेक्षाही भिंतीवरच्या खुणा मोलाच्या आहेत. जुन्या घरांतून २००५ ची आणि २०१९ ची रेघ लोकांनी स्वतः मारून ठेवलेली असते. टेप घेऊन उंबऱ्यापासून त्या रेघेची उंची मोजा. एकाच गल्लीत दोन घरांमध्ये दोन-दोन फुटांचा फरक निघतो, कारण एकाने जोते उंच बांधलेले असते. मग "पूर आला म्हणून गेले" या वाक्याची तपासणी करता येते. अधिक बुडालेली घरे खरोखर अधिक रिकामी झाली आहेत का? नसतील, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंचे ठिपके नकाशावर मांडले आणि ते एका सार्वजनिक पाण्याच्या पंपाभोवती गोळा झालेले दिसले, हे शाळेतही सांगितले जाते. त्यांची खरी मेहनत ठिपक्यांत न बसणाऱ्या घरांवर होती. पंपाशेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले होते. चौकशी केली तेव्हा ते पंपाचे पाणी पीतच नव्हते असे कळले. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्धा दगावली होती, कारण तिला त्याच पंपाचे पाणी चवीला आवडे आणि ती ते मुद्दाम मागवून घेत असे. तुमच्या नकाशावर छातीभर पाण्यात बुडूनही जागचे न हललेले घर आणि पाणी न शिरताही गेलेले घर ही दोन घरे आधी गाठा.

सावधगिरीची सूचना : प्रभागनिहाय लोकसंख्येची २००१ आणि २०११ अशी थेट तुलना करून "जुनी सांगली रिकामी होत आहे" असे लिहू नका. प्रभागांच्या हद्दी मधे बदलल्या आहेत आणि नाव तेच असले तरी प्रभाग तोच नसतो.


उत्तर – मिरजेचा

मुलाखतींबद्दल लिहितो, कारण "वीस-पंचवीस मुलाखतींना संशोधन म्हणतात का" हा प्रश्न विचारताना तुमचा स्वर थोडा अपराधी वाटला. त्याची गरज नाही. किती टक्के गेले हे घरयादी सांगेल. जाण्याचा निर्णय घरात कसा शिजला हे घरयादी कधीच सांगणार नाही. दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी अवजारे लागतात आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेले की फसगत होते. पंचवीस मुलाखतींवरून "७२ टक्के लोकांच्या मते" असे लिहिणारे प्रबंध मी पाहिले आहेत. तो मुलाखतींचाही अपमान आणि टक्केवारीचाही.

मुलाखतीत "तुम्ही का गेलात?" हा प्रश्न पहिल्या बैठकीत टाळा. "का" विचारले की माणूस सर्वांना पटेल असे कारण देतो, आणि सांगलीत ते कारण तयार असते : पूर. त्याऐवजी "पाणी ओसरल्यावर तुम्ही घरी परत आलात तिथपासून सामान हलवले त्या दिवसापर्यंत काय काय झाले ते क्रमाने सांगा" असे म्हणा आणि गप्प बसा. मी एका अभ्यासासाठी एका आजोबांकडे बसलो होतो. ते चिखल, दुर्गंधी, भिजलेली कागदपत्रे यांविषयी तासभर बोलले आणि "म्हणून सोडले" असे म्हणून थांबले. चहाचे कप घ्यायला आलेल्या सूनबाई सहज म्हणाल्या, "फ्लॅटचं बुकिंग मात्र दोन वर्षं आधीच केलं होतं, वाटण्या झाल्या तेव्हा." आजोबा खोटे बोलत नव्हते. वाटण्यांनी त्यांना घराबाहेर काढले होते आणि पुराने ते चारचौघांत सांगण्याजोगे केले होते. त्या दिवसापासून मी एका घरात निदान दोघांशी, शक्यतो वेगवेगळ्या वेळी, बोलल्याशिवाय वहीत निष्कर्ष लिहीत नाही. त्यातली एक व्यक्ती स्वयंपाकघराच्या बाजूची असावी, हा माझा अलिखित नियम आहे.

निवृत्त प्रगणकांनी वाड्याचे उदाहरण दिले, त्याला जोडून एक बारकावा. जुन्या वाड्यांतल्या खोल्यांना तुम्हाला कुलपे दिसतील आणि तुम्ही "स्थलांतरित" असे लिहून पुढे जाल. थांबा. त्यांतले कित्येक भाडेकरू अत्यल्प भाड्याचे जुने हक्क सांभाळून आहेत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार जागा सहा महिने सलग आणि वाजवी कारणाशिवाय न वापरता ठेवली, तर मालकाला ती परत मागण्याचे एक कारण मिळते. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी कोणीतरी येते, केर काढते, देवापुढे दिवा लावते आणि जाते. हे कुटुंब गेले आहे की आहे? तुमच्या रकान्यांत "आहे" आणि "गेले" या दोनच जागा असतील, तर या गावातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी माणसे त्यांच्या फटीतून खाली पडतील.

याच कारणासाठी नोंदवहीत नावे लिहू नका. "ते इथे राहत नाहीत, फक्त कुलूप उघडायला येतात" हे तुमच्या वहीतले वाक्य उद्या मालक-भाडेकरू वादात कोणाच्यातरी हाती लागले, तर तुमच्यावर विश्वास ठेवून बोललेल्या माणसाचे छप्पर जाऊ शकते. घराला खुणेचा क्रमांक द्या आणि क्रमांक कोणाचा हे सांगणारा कागद वेगळ्या जागी ठेवा. संमती घेताना "महाविद्यालयाचे काम आहे" एवढे सांगून भागत नाही. काय लिहिणार, कोण वाचणार, आणि मधेच नको वाटले तर थांबता येईल, हे सगळे सोप्या मराठीत सांगा.

निरीक्षण हाताला वळण लागेपर्यंत करावे लागते, ते वाचून येत नाही. सराव म्हणून एका रविवारी सकाळी मिरजेच्या लक्ष्मी मार्केटपाशी दोन तास उभ्या राहा आणि कोण कुठे बसते, कोण कोणाला जागा सोडायला सांगते, सावली सरकली की टोपल्या कशा सरकतात एवढेच लिहा. पान मधोमध दुमडा, डावीकडे जे दिसले ते आणि उजवीकडे त्यावरून तुम्हाला जे वाटले ते. पहिल्या दिवशी डावी बाजू तीन ओळींची आणि उजवी भरगच्च होते, सगळ्यांचीच होते. रात्री झोपण्यापूर्वी टिपण विस्ताराने लिहून काढा. दुसऱ्या दिवशी लिहू म्हटले की शाळा, डबे आणि पेपर तपासणी यांत ते वाहून जाते.


उत्तर – शाहूनगरी

साताऱ्याहून लिहितो आहे. वरील तिघांनी उत्तम सांगितले, परंतु एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. तीन गल्ल्यांची संपूर्ण यादी ही कल्पना सुंदर असली, तरी तीन गल्ल्या म्हणजे सांगली नव्हे. गल्ल्या तुमच्या माहेरच्या ओळखीच्या निवडल्यात, तर व्हॉट्सॲप गटाचीच चूक पायी चालत पुन्हा होईल. निदान एक गल्ली अशी घ्या जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, आणि गल्ल्या कशा निवडल्या हे प्रबंधात स्पष्ट लिहा. तसेच टक्केवारी काढली तरी ती त्या गल्ल्यांची म्हणूनच मांडा.

शिकागोचा तुम्हाला कंटाळा आला हे समजण्याजोगे आहे. शिकागोचे समाजशास्त्रज्ञ बर्जेस यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या वर्तुळांच्या नमुन्यात शहराच्या मध्यालगत गरीब स्थलांतरित आणि सधन माणसे बाहेरच्या कड्यात असे चित्र आहे. आपल्या पेठांच्या गावांत शतकभर उलटेच होते. वाडे मध्यभागी आणि कष्टकरी वस्ती कडेला. साताऱ्यात राजवाड्याभोवतीच्या पेठांत हेच दिसते. आता मात्र सधन कुटुंबे बाहेर सरकत आहेत आणि आपली गावे त्या नमुन्याच्या जवळ चालली आहेत की तिसरेच काही घडते आहे, हा प्रश्न तुमच्या अभ्यासाला टेकू देऊ शकेल. परदेशी सिद्धान्त जसाच्या तसा लावू नये, पण फेकूनही देऊ नये. तो आपल्या गावाशी कुठे जुळत नाही ते पाहावे.

शिवाय आपल्या घरचा वारसा बाजूला ठेवून शिकागोला जाण्याचे कारण काय? स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ पासून भारतातल्या शहरांतून हिंडत होते. आधी पाहणी आणि मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता, आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग त्यांनीच सुरू केला. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये निघाला आणि १९५४ च्या सुमारास त्याच संस्थेतले अर्थतज्ज्ञ सोवनी आणि सहकाऱ्यांनी त्याच शहराची फेरपाहणी केली. तुमच्या दृष्टीने त्याहून जवळची गोष्ट म्हणजे सोवनी यांनीच केलेली कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी, तीन खंडांची. जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत हे खंड धूळ खात पडलेले असतात. निष्कर्षांपेक्षा त्यांची परिशिष्टे वाचा. कुटुंब कोणाला म्हटले, कमावता कोणाला धरले, घरी कोणी न भेटल्यास काय केले, हे सारे तिथे असते. संशोधन पद्धती मी वर्गात जितकी शिकलो त्याहून अधिक या परिशिष्टांतून शिकलो. (गरिबीच्या मोजमापावर दांडेकर-रथ यांचे जे काम १९७१ मध्ये गाजले, त्यातले वि. म. दांडेकर जन्माने सातारचे, हे सांगण्याचा मोह मला आवरत नाही.)

हद्दीचा मुद्दा नकाशेवाल्यांनी सांगितलाच आहे. २०११ च्या जनगणनेत सातारा शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती, २०२० मध्ये हद्दवाढ होऊन शाहूपुरीसारखी उपनगरे शहरात आली. पुढच्या जनगणनेत सातारा एकदम फुगलेला दिसेल, तेव्हा कोणीतरी "झपाट्याने नागरीकरण" असा मथळा देईल. माणसे होती तिथेच आहेत, फलक सरकला. तुमच्याकडेही सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करताना हात आखडता घ्या.


प्रत्युत्तर – कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. लगेच लिहिले नाही, कारण आधी एक रविवार प्रत्यक्ष करून पाहावा असे ठरवले होते. शाहूनगरींचे ऐकून माहेरची गल्ली बाजूला ठेवली आणि जिथे मला कोणी ओळखत नाही अशी एक निवडली. उजवा हात धरून चालले. घरपट्टीच्या क्रमांकांवरून २३ मिळकती होत्या, चुली ४१ निघाल्या. कुलूप असलेल्या सात खोल्यांपैकी तीन खोल्यांचे उंबरे स्वच्छ होते आणि एकीवर ताजी रांगोळी होती. मिरजेच्या दादांनी सांगितले नसते तर मी त्या तिन्हींपुढे "गेले" असे लिहून मोकळी झाले असते. आता रकाना बदलला आहे : राहतात, येऊन-जाऊन आहेत, गेले.

६४ प्रश्नांची प्रश्नावली मी रद्द केली. २१२ उत्तरे टाकून देत नाही, पण ती लघुप्रबंधात कोणाचीही टक्केवारी म्हणून येणार नाहीत. त्यांतून मुलाखतीसाठी काही माणसे मात्र मिळतील. शीर्षकातून विश्रामबाग काढली.

एक नवी अडचण आली आहे. २०१९ ची यादी शेजाऱ्यांकडून घेताना दोन आजींचे म्हणणे जुळत नाही. कोपऱ्यावरच्या घरात तेव्हा भाडेकरू होते असे एक म्हणतात, ते २०१६ लाच गेले होते असे दुसऱ्या म्हणतात. दोघीही ठाम आहेत आणि समोरासमोर बसवल्यावर तर दोघींचे वाजलेच. अशा वेळी कोणाचे धरावे?


उत्तर – निवृत्त प्रगणक

दोघींना समोरासमोर बसवायचे नव्हते, ताई. तेवढी एक चूक झाली. आठवणी नेहमी वेगवेगळ्या घ्याव्यात, नाहीतर जिचा आवाज मोठा तिची आठवण खरी ठरते. दोघींची उत्तरे दोन स्वतंत्र रकान्यांत, कोणी कधी सांगितले या तारखेसह, पेन्सिलीने लिहून ठेवा आणि तुमचा निर्णय तिसऱ्या रकान्यात लिहा. पहिल्या दोन रकान्यांतले कधीही खोडू नका.

सन विचारला की लोक चुकतात, म्हणून सन विचारूच नका. "२०१९ ला पाणी आले तेव्हा त्या घरातले सामान कोणी वर चढवले?" असे विचारा. त्या रात्री कोणाचा गॅस सिलिंडर कोणी उचलला, कोणाची म्हातारी खुर्चीत बसवून नेली, हे गल्लीत कोणी विसरलेले नसते. त्या आठवणीत कोपऱ्यावरचे भाडेकरू आले तर ते होते आणि कोणालाच आठवले नाहीत तर बहुधा नव्हते. तेवढ्यानेही निकाल लागला नाही तर गॅसवाल्याला किंवा त्या वेळच्या रेशन दुकानदाराला विचारा. तरीही उलगडा झाला नाही, तर "अनिश्चित" असा रकाना ठेवा आणि अशी घरे किती निघाली ते प्रबंधात आकड्यासकट द्या. ४१ चुलींत दोन-तीन अनिश्चित निघणे साहजिक आहे. एकही निघाली नाही, तर परीक्षक तुमची वही मागवतील, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही मागवली असती.

पुढच्या रविवारी दुसरी गल्ली घेताना सकाळी दहाच्या आत जा. दहानंतर कामावर जाणारे भाडेकरू भेटत नाहीत आणि यादीत पुन्हा मालकच उरतात.